मशीन आमचं, कर्ज आमचं, किल्ली जपानमध्ये: परदेशी पुरवठादारांवर किती विसंबायचं, हे कसं मोजता?

शिरोलीकरीण

मंडळी, आधी थोडं पाल्हाळ लावते. त्याशिवाय प्रश्न नीट कळायचा नाही.

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. वडिलांनी दोन जुन्या लेथवर सुरू केलं, आता चौदा सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आहेत: नऊ टर्निंग, चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीनं) आणि एक पाच अक्षांवर कापणारं फाइव्ह अ‍ॅक्सिस. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतं. आम्ही मशीनिंग करून ट्रॅक्टर आणि पंपवाल्यांना देतो. त्यातल्या एका युरोपीय ग्राहकानं मध्यंतरी बावीस पानी फॉर्म पाठवला, परदेशी तंत्रज्ञान पुरवठादारांवर तुम्ही किती अवलंबून आहात म्हणून. रकाने तीन: वस्तू, देश आणि वर्षाच्या खरेदीतला टक्का. टक्का वीसच्या वर गेला की लाल, दहाच्या आत असला की हिरवा.

आमच्या अकाउंटंटनं एका दुपारीत भरूनही टाकला. लाल आले फक्त इन्सर्ट, म्हणजे धातू कापायच्या हत्याराची बदलती पाती, कारण कंपनी स्वीडनची. आता हे इन्सर्ट कुठून येतात, तर दापोडीहून. साठेक वर्षं तिथं कारखाना आहे. सकाळी फोन केला तर दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बॉक्स कावळा नाक्यावर उतरतो. आणि फाइव्ह अ‍ॅक्सिस? हिरवं. कारण गेल्या वर्षी त्या कंपनीला आम्ही एक रुपयाही दिलेला नाही!

याच हिरव्या मशीननं दिवाळीच्या तोंडावर आमचा घाम काढला होता. नवीन शेड झाली म्हणून मशीन जुन्या शेडमधून साठ फूट पलीकडं नेलं. हायड्रा क्रेन बोलावली, फाउंडेशन आधीच तयार होतं, लेव्हल दोन दिवस खपून बसवली. नारळ फोडून मेन स्विच टाकला, तर पडद्यावर एक ओळ आणि अ‍ॅक्सिस हलायला तयार नाहीत. आधी वाटलं केबल राहिली असेल. मग कळलं की आत एक सेन्सर असतो. मशीन जागेवरून हललं की त्याला समजतं आणि ते स्वतःला कुलूप लावून घेतं. कंपनीचा माणूस येणार, मशीन कुठं ठेवलंय, कोण वापरतंय, काय बनवतंय ते बघणार, वर कळवणार, मग कोड येणार. हे सगळं करारात लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. इंजिनिअर पुण्याचा, परवानगी जपानची, मध्ये त्यांची सुट्टी, मग आपली सुट्टी. नवव्या दिवशी मशीन चालू झालं. सुमारे दीड कोटीचं मशीन, हप्ता नऊ दिवसांचाही भरला, वीजबिलाचा फिक्स्ड चार्जही भरला.

त्यांची बाजूही सांगते. कुलूप काही उगाच लावलेलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तोशिबा मशीननं पाणबुड्यांचे पंखे कापता येतील अशी नऊ अ‍ॅक्सिसची मशीनं सोव्हिएत रशियाला विकली, वर नॉर्वेच्या काँग्सबर्गचे कंट्रोल. १९८७ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा अमेरिकेत मोठा गहजब झाला. तेव्हापासून जपान या बाबतीत फार कडक आहे. मशीन विकलं तरी ते कुठं गेलं याची जबाबदारी विकणाऱ्यावरच राहते. हे सगळं मला मशीन बंद असताना नऊ दिवसांत वाचायला मिळालं.

मग मी स्वतःची एक्सेल काढली. एकेचाळीस ओळी झाल्या. टक्क्याचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी एकच प्रश्न लिहिला: हे उद्या सकाळी बंद झालं, तर कितव्या दिवशी आमची गाडी लोड होणार नाही? त्याच्याशेजारी, पर्याय उभा करायला किती दिवस. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असेल तिथं मी पेन्सिलीनं गोल करतेय. आतापर्यंत सात गोल झालेत.

वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "२०१९ ला हायवेवर पाणी आलं तेव्हा पंचगंगेनं जेवढे दिवस बंद ठेवलं, तेवढं जपाननं अजून ठेवलेलं नाही. तिला कुठल्या रकान्यात घालतेस?"

तर प्रश्न असा: तुमच्याकडं हे कसं मोजतात? मोठ्या कंपन्यांत तर यासाठी माणसं असतात म्हणे. माझी रीत बरोबर आहे की मी काही विसरतेय?

जुना मेंटेनन्स, भोसरी

ताई, चौतीस वर्षं पाना हातात धरलाय, म्हणून बोलतो. रीत चांगली आहे, पण आधी एक सांगा. चौदा मशीनच्या पॅरामीटरचा (सेटिंगचे आकडे) आणि लॅडरचा (मशीनच्या आतला लॉजिक प्रोग्राम) बॅकअप आहे का? "आहे" असं म्हणू नका, काढून बघा. कंट्रोलमधली मेमरी बॅटरीवर जगते. बॅटरी मेली आणि कोणी लक्ष दिलं नाही की सोमवारी सकाळी मशीनला स्वतःचं नाव आठवत नाही. त्यात काही पॅरामीटर ऑप्शनचे असतात, ते आपल्याला टाकताही येत नाहीत, कंपनीच लागते. माझ्या एका गाववाल्याचं मशीन असं पंधरा दिवस उभं होतं. कारण काय, तर दोन-तीन हजारांची बॅटरी. यात परदेशी पुरवठादाराचा काय दोष?

दुसरं. परदेशी म्हणजे बेभरवशाचा आणि देशी म्हणजे हक्काचा, हे डोक्यातून काढा. जपानच्या फॅनकची जुनी, मशीनमालकापेक्षा वयानं मोठी कंट्रोल कार्डं मी दुरुस्त होऊन आलेली पाहिलीत. जुनं म्हणून ते टाकून देत नाहीत. उलट आमच्याकडे एका देशी कंपनीचे कंट्रोल लावले होते, स्वस्त आणि मराठी बोलणारे इंजिनिअर. सहा वर्षांत कंपनी बंद पडली. सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा कॅनडात गेला. त्या चार मशीनांना शेवटी दुसरे कंट्रोल बसवून रेट्रोफिट करावं लागलं. आता तुमच्या फॉर्ममध्ये ती चारही हिरवी दिसली असती, नाही का?

तुमच्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढवा: हे दुरुस्त करणारा माणूस किती लांब आहे आणि तो किती वर्षांचा आहे. हसू नका. आमच्या शॉपमध्ये तो माणूस मी आहे आणि दोन वर्षांत रिटायर होतोय.

स्वदेशीच

सरकारी मेलसुद्धा झोहोवर गेला. झोहो घ्या, देशी वापरा, विषय संपला.

शिरोलीकरीण

@जुना मेंटेनन्स काका, कालच बघितलं. चौदापैकी पाचच मशीनचा बॅकअप सापडला आणि त्यातल्या एका कार्डात ऑपरेटरच्या भावाच्या लग्नाचे फोटो होते.

@स्वदेशीच भाऊ, मेल झोहोवरच आहे, काही तक्रार नाही. पण झोहो स्पिंडल बनवत नाही.

पर्चेसवाला, चाकण

मी मोटर बनवणाऱ्या कंपनीत खरेदी बघतो, मुख्यतः इलेक्ट्रिक दुचाकींसाठी. ताईंनी जो टक्क्याचा घोळ सांगितला तो आम्ही २०२५ मध्ये पुरता भोगला. मोटरमधल्या मॅग्नेटचा गाडीच्या किमतीतला वाटा अगदी थोडका. आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये तो खालच्या पानावर होता, वरच्या पानावर सेल आणि कंट्रोलर.

४ एप्रिल २०२५ ला चीननं सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांवर निर्यात परवाना लावला. त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम होती. मॅग्नेट तापला तरी त्याची ताकद टिकावी म्हणून हीच घालतात. जगातले सुमारे ९० टक्के असे मॅग्नेट चीनमध्ये बनतात. आदल्या दिवसापर्यंत जी खरेदी एका ईमेलवर व्हायची, तिला आता आपण हे कशात वापरणार याचं हमीपत्र लागायला लागलं. ते आपल्या मंत्रालयाकडून, मग चिनी दूतावासाकडून, मग बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाकडे. आमचा कागद तीनदा परत आला. एकदा शिक्का पुसट होता म्हणून. राजीव बजाज यांनी जुलैत जाहीरच सांगितलं की ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. आम्हा लहान पुरवठादारांची हालत काय असेल, विचार करा.

आता "पर्याय उभा करायला किती दिवस" या तुमच्या रकान्याबद्दल. हा आकडा लिहिताना आम्ही स्वतःलाच फसवलं होतं. पर्याय कागदावर होता: हेवी रेअर अर्थ, म्हणजे डिस्प्रोशियम-टर्बियम, नसलेले मॅग्नेट. नमुने तीन आठवड्यांत आले. पण मॅग्नेट बदलला की रोटर बदलतो, रोटर बदलला की उष्णता बदलते, कंट्रोलरचं ट्यूनिंग बदलतं, मग गाडी वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय या वाहनचाचणी संस्थेत जाते, मग ग्राहकाची स्वतःची चाचणी. तीन आठवडे लिहिलेले, लागले आठ महिने. म्हणून तुमच्या गोल केलेल्या सात ओळींत पर्यायाचे दिवस लिहिताना नमुना हातात यायचे दिवस लिहू नका. ग्राहकानं सही करून पहिला माल घेतला, तिथपर्यंतचे लिहा.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये देशात मॅग्नेट बनवायला ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पण खाणीतल्या वाळूपासून मॅग्नेटपर्यंत मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत, माझ्या पुढच्या वर्षाच्या प्लॅनमध्ये मी तो धरलेला नाही.

अवांतर: तुमचे इन्सर्ट दापोडीचे असले तरी ते टंगस्टन कार्बाइडचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं टंगस्टनवरही परवाना लावलाय. तेव्हा अकाउंटंटनं चुकीच्या कारणानं का होईना, लाल रंग बरोबर जागी दिला!

नेकारकाठचा

मूळचा सांगलीचा, सध्या श्टुटगार्टजवळ एका वाहन-पुर्जे कंपनीत आयटी. ज्या फॉर्मनं ताईंना छळलं तसले फॉर्म आमच्याच इमारतीत तयार होतात, त्यामुळे आधी माफी मागतो. खरं सांगायचं तर तो फॉर्म ऑडिटरसाठी असतो. रोजचे निर्णय घेणारे लोक तो उघडतही नाहीत.

इथं या विषयावरची चर्चा दोन प्रसंगांनी बदलली. पहिला आपल्याकडचाच. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण रशियाच्या रोझनेफ्ट तेल कंपनीची ४९.१३ टक्के मालकी. नायराची वाडीनारची रिफायनरी गुजरातेत, मायक्रोसॉफ्ट अमेरिकेची, आणि अमेरिकेनं नायरावर निर्बंध घातलेलेच नव्हते. तरी काही दिवसांत त्यांचं आउटलुक आणि टीम्स बंद झालं. लायसन्सचे पैसे भरलेले, डेटा त्यांचाच. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मेल रेडिफवर उभा केला, आणि महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टनं सेवा परत सुरू केली. आमच्या बैठकीत एका जर्मन बाईंनी प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो: कायदा नसताना एखाद्या कंपनीचा वकील घाबरून स्विच बंद करतो, तेव्हा त्याला कुठल्या देशाची जोखीम म्हणायचं?

दुसरा प्रसंग नेक्स्पेरियाचा. ३० सप्टेंबर २०२५ ला डच सरकारनं या चिप कंपनीच्या कारभारावर नियंत्रण घेतलं; मालक चिनी, आणि तंत्रज्ञान बाहेर जाईल ही भीती. चार दिवसांत चीननं तिच्या चीनमधल्या कारखान्यातून होणारी निर्यात अडवली. आता गंमत बघा. चिप बनते हॅम्बुर्गमध्ये, मालाला नाव युरोपचं, पण तिचं पॅकेजिंग बहुतांशी चीनमधल्या डोंगग्वानला. म्हणजे युरोपात बनलेली वस्तू युरोपालाच मिळेना. डायोड, ट्रान्झिस्टर असला माल, किंमत काही सेंट. होंडाला उत्तर अमेरिकेत उत्पादन कमी करावं लागलं. आमच्याकडे फॉर्ममध्ये त्या ओळीपुढे "नेदरलँड्स, हिरवा" असं लिहिलेलं होतं.

तेव्हापासून आम्ही देशाचा एक रकाना मोडून तीन केले: मालक कुठला, माल कुठं बनतो, आणि बंद करायचं बटण कुणाच्या टेबलावर आहे. तिसरा भरताना सगळ्यात जास्त भांडणं होतात. पण तो भरल्यावर कळलं की क्लाउड, लायसन्स सर्व्हर आणि मशीनचं रिमोट सर्व्हिस, हे तिन्ही एकाच खोलीतल्या एका राउटरमधून बाहेर जातात.

सगळं सोडून द्यायचं का? नाही. उत्तरेला श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य सरकारनं मायक्रोसॉफ्ट सोडून लिब्रेऑफिस आणि मुक्त प्रणालीचा मेल घेतला, त्याला वर्षं लागली आणि कर्मचाऱ्यांनी बोंब मारली ती वेगळी. सरकारला ते परवडतं. आमच्या कंपनीनं फक्त मेलची एक थंड प्रत (रोजच्या यंत्रणेला न जोडलेली) बाहेर ठेवली आणि रेखाचित्रं दर शुक्रवारी अशा स्वरूपात काढून ठेवतो की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील. बाकी तसंच चालू आहे. बदलायचा खर्च हाही खर्चच आहे.

गणेशखिंड

वरच्या चर्चेत थोडं जुनं घालतो. अमेरिकेनं हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था निघाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा आपला महासंगणक तयार झाला, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. पण परमच्या पोटात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर चिपा, होते. सी-डॅकच्या विजय भटकरांच्या चमूनं चिप बनवायचा हट्ट धरला असता तर १९९१ काय, २००१ उजाडलं असतं. बाजारात सुट्या मिळणाऱ्या चिपा घेतल्या आणि त्या एकत्र राबवायचं डोकं स्वतःचं लावलं. परावलंबन होतंच, फक्त ते अशा ठिकाणी नेलं जिथं अडवणं तितकं सोपं नव्हतं. मला वाटतं शिरोलीकरीणबाईंना हेच करायचंय.

शिरोलीकरीण

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मार्चएंड होता.

काय केलं ते सांगते. सात गोलांपैकी दोन खोडले आणि तीन नवे आले, म्हणजे आता आठ. कॅमचं, म्हणजे मशीनचे प्रोग्राम बनवायचं, सॉफ्टवेअर मी चिल्लर समजत होते, ते वर आलं. पूर्वी एकदाच विकत घ्यायचो, आता ती कंपनी दर वर्षी भाडं मागते, आणि लायसन्स तपासायला ते दर काही दिवसांनी नेटवर जातं. एका रविवारी मुद्दाम नेट काढून बघितलं. गुरुवारी बंद पडलं. सगळे प्रोग्राम आता मशीनला थेट समजणाऱ्या साध्या जी-कोडमध्ये काढून ठेवलेत, म्हणजे सॉफ्टवेअर मेलं तरी चालू जॉब चालत राहतील. नवीन जॉब घेता येणार नाहीत, पण गाडी लोड होईल.

चौदाही मशीनचे बॅकअप काढले. कार्डं बँकेच्या लॉकरमध्ये आईच्या पाटल्यांशेजारी आहेत. आईनं विचारलं हे काय, म्हटलं हेही सोनंच.

आणखी एक व्हीएमसी घेतोय. या वेळी करार मी वाचला, दोनदा. हलवल्यावर कोड अठ्ठेचाळीस तासांत मिळेल असं लिहून द्या म्हटलं. डीलर आधी हसला, मग म्हणाला असं आजवर कोणी मागितलेलं नाही. घासाघीस करून पाच कामाच्या दिवसांवर आला, तेही लेखी. किमतीत वीस हजार सोडायला मात्र तयार नव्हता. मी वीस हजार सोडले आणि ते वाक्य घेतलं. वडिलांना अजून पटलेलं नाही.

त्यांच्या पंचगंगेला मी एक्सेलमध्ये बेचाळिसावी ओळ दिली. मालक: निसर्ग. बटण: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. पर्यायाचे दिवस रिकामे ठेवलेत.

फॉर्म ग्राहकाला पाठवला, त्यांच्या रकान्यांच्या उजवीकडे माझे तीन जोडून. अजून उत्तर नाही. @नेकारकाठचा, तुमच्या इमारतीत कोणी उघडला तर कळवा.

इन्सर्टची ओळ तेवढी अडली आहे. घासलेले इन्सर्ट आम्ही आजवर किलोवर भंगारवाल्याला देत आलो. टूल कंपन्या ते परत विकत घेऊन त्यातलं टंगस्टन काढतात असं ऐकलंय. कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी भागात कोणी असं देतंय का? नव्या मालाच्या भावात त्याची काही सवलत मिळवता आली का, तेही सांगा. माझ्याकडं साडेतीन पोती भरून पडलीत.